जुन्या पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल बदलताना: एका सुताचं गणित

सोलापुरात सूत कुणाला शिकवावं लागत नाही. गल्लीत माग, मागावर सूत. पण सुताराकडे, गवंड्याकडे किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलात तर तिथे सूत म्हणजे माप, इंचाचा आठवा भाग. जुन्या पिकअपला इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन, म्हणजे पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होतील अशी रचना, बसवायचं तर ही दोन्ही सुतं लागतात. वेल्डिंग त्यामानाने सोपं. वेल्डर मिळतो, मोजणारा मिळत नाही.

मी मेकॅनिक नाही. अक्कलकोट रोडच्या बाजूला भाड्याचं एक शेड आहे, रविवारी आणि सुट्टीला तिथे जुन्या गाड्यांशी खटपट चालते. मावसभावाची १९५१ ची शेवरले ३१०० पिकअप आम्ही गेल्या दोन वर्षांत केली. पहिल्यांदाच हे करणाऱ्याला आम्ही कुठे अडलो ते कळावं म्हणून हे लिहितोय.

आधी जुनं काय असतं ते बघू. या पिढीच्या पिकअपना पुढे एक अखंड घडीव अ‍ॅक्सल असतो, आय आकाराचा, दोन्ही बाजूंच्या कमानपाट्यांवर बसवलेला. चाकं वळतात ती किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर. डावं चाक खड्ड्यात गेलं की अख्खा अ‍ॅक्सल कलतो आणि उजवं चाकही त्याच्याबरोबर तिरपं होतं. त्यात या शेवरलेचा स्टिअरिंगचा मुख्य रॉड चासीच्या लांबीत पुढे-मागे चालतो. पाटे दबले की अ‍ॅक्सल थोडा सरकतो, रॉड सरकत नाही, आणि हात न लावता गाडी बाजूला ओढते. इंडिपेंडंटमध्ये प्रत्येक चाकाला वरचा आणि खालचा असे दोन आर्म, मध्ये बॉल जॉइंटवर नकल (चाक ज्यावर बसतं तो वळणारा भाग) आणि स्वतःची स्प्रिंग. एक चाक वर गेलं तर दुसऱ्याला पत्ता नसतो.

खरंच गरज आहे का

हा प्रश्न लोक टाळतात, कारण नवीन सामान बघून हात शिवशिवतात. पण अर्ध्याहून जास्त गाड्यांची तक्रार जुन्या रचनेची नसते, झिजलेल्या भागांची असते. गाडीचं पुढचं तोंड उचला, स्टँडवर ठेवा, टायर वर आणि खाली धरून हलवा. डगडग लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर डगडग गेली तर ती बेअरिंगची, राहिली तर किंगपिनची. शॅकलचे (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, पाट्यांचा सेंटर बोल्ट, चाकं वळवणाऱ्या टायरॉडची टोकं हेही बघून घ्या. किंगपिन आणि बुश नवीन टाकले, पाटे उतरवून साफ करून मध्ये ग्रीस भरलं, चांगले रेडियल टायर घातले, तर तोंडात बोट घालावं इतका फरक पडतो. खर्च दहाव्या हिश्शाचा. एवढं करूनही समाधान नसेल, किंवा पुढे डिस्क ब्रेक आणि रॅकचं (दातेरी दांडा डावी-उजवीकडे सरकून चाकं वळवणारं) स्टिअरिंग हवंच असेल, तर पुढे वाचा.

कायद्याची बाजू, आधीच

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर बोट ठेवलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आहे. अपघात झाला तर विमा कंपनी काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, व्यापारी वापर नाही आणि चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नाही, तर नंबरात व्हीए अक्षरं असलेली वेगळी नोंदणी मिळते. चासी कापलीत की तो रस्ता बंद. तुमची गाडी मूळ अवस्थेत असेल, कागद जागेवर असतील, तर माझा सल्ला सरळ आहे: हात लावू नका, किंगपिन बदला आणि मिरवा.

आमची गाडी तशी नव्हती. इंजिन कधीचं डिझेलचं झालेलं, मागची बॉडी भंगारातून जोडलेली. ती सांगोल्याकडच्या डाळिंबाच्या बागेत कुंपणाच्या आत क्रेट वाहते आणि कुठे न्यायची झाली तर ट्रेलरवर चढते. रस्त्यावर चालवायचा विचार असेल तर ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओत लेखी विचारा. चहाच्या टपरीवरचा सल्ला चालान फाडताना उपयोगी पडत नाही.

कुठलं सस्पेन्शन

जगभर जुन्या पिकअपवर सगळ्यात जास्त बसतं ते मस्टँग टू धाटणीचं. फोर्डने १९७४ ते १९७८ या काळात विकलेल्या मस्टँग टूचा पुढचा भाग आटोपशीर होता, छोटे आर्म, कॉइल स्प्रिंग, पुढच्या बाजूला रॅक. मूळ गाड्या संपल्या, पण त्या मापाचे क्रॉस मेंबर (चासीच्या दोन लांब रेलना जोडणारी आडवी तुळई), आर्म आणि नकल अजून नव्याने बनतात. जुन्या अमेरिकन पिकअपसाठी बनवलेल्या किटची एका चाकाच्या बसण्याच्या पृष्ठापासून दुसऱ्याच्या पृष्ठापर्यंतची रुंदी बहुधा साडेछप्पन्न इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटरच्या आसपास असते.

दुसरा रस्ता देशी. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आणि दोन आर्म होते, पण ती हलकी गाडी, पिकअपच्या इंजिनाखाली तिचे आर्म केविलवाणे दिसतात. अ‍ॅम्बेसेडर, क्वालिस यांना टॉर्शन बार, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणारा लांब दांडा. टॉर्शन बारचा फायदा म्हणजे एक बोल्ट फिरवून उंची कमी-जास्त करता येते. तोटा म्हणजे बारचं मागचं टोक धरायला चासीत आणखी एक भक्कम आडवा मेंबर बनवावा लागतो. देशी सामान घेणार असाल तर एकच नियम पाळा: सगळं एकाच गाडीचं घ्या. आर्म एकाचे, नकल दुसऱ्याचे, रॅक तिसऱ्याचा ही खिचडी करू नका. कारखान्याने त्या तुकड्यांची मापं एकमेकांशी जुळवलेली असतात, आपण ती शेडमध्ये बसून पुन्हा शोधू शकत नाही.

आम्ही किट मागवलं. आयात शुल्काचा आकडा घरात सांगितलेला नाही.

किट मागवताना उजव्या बाजूच्या स्टिअरिंगचं आहे का ते दोनदा विचारा. परदेशातलं बहुतेक सामान डाव्या बाजूचं असतं. आणि रॅक अ‍ॅक्सलच्या पुढे बसणारा की मागे, हेही. याचा किस्सा पुढे येईल.

वजनकाटा आणि टायर

स्प्रिंग निवडायला पुढच्या चाकांवरचं वजन लागतं. अंदाज करू नका. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत की कुठल्याही रस्त्याला वजनकाटा सापडतोच. इंजिन, रेडिएटर, बॅटरी, सगळं जागेवर असताना गाडी न्या आणि फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या. काटेवाल्याने विचारलं, "ऊस कुठाय?" आमचं पुढचं वजन ८१० किलो भरलं. हा आकडा आणि इंजिनाचं नाव विक्रेत्याला कळवा, स्प्रिंग तो देईल. स्वतः गणित करायचं असेल तर एक लक्षात ठेवा, स्प्रिंग आर्मच्या मधल्या भागावर बसते, म्हणून चाक एक इंच वर गेलं तरी स्प्रिंग साधारण अर्धा-पाऊण इंचच दबते. चाकावरचं वजन जसंच्या तसं स्प्रिंगवर मांडलं तर स्प्रिंग मऊ निघेल आणि गाडीचं तोंड जमिनीला टेकेल.

टायर आणि रिम आधी ठरवा, काम नंतर. टायरचा व्यास बदलला की गाडीची उंची बदलते, उंची बदलली की आर्मचे कोन बदलतात. रिमचा ऑफसेट (रिम हबवर किती आत-बाहेर बसते ते माप) चुकला तर पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डला घासतो. जुन्या रिम नवीन हबवर बसतीलच असं नाही. मस्टँग टू धाटणीच्या हबला पाच बोल्ट असतात, वर्तुळ साडेचार इंचाचं, म्हणजे ११४.३ मिलिमीटर.

गाडी सुतात आणणे

इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाकडं. आम्हाला या पायरीला तीन रविवार लागले आणि त्यातला एकही वाया गेला नाही.

पुढचं सगळं उतरवा: मडगार्ड, रेडिएटर, बंपर. इंजिन जमलं तर राहू द्या, निदान त्याची जागा आणि सम्प (खालची तेलाची टाकी) कुठपर्यंत येतो ते मोजून ठेवा. चासी चार भक्कम स्टँडवर घ्या. विटांवर, लाकडाच्या ठोकळ्यांवर, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नका. हे वाक्य मी विनाकारण लिहीत नाहीये.

आता चासी चालवताना ज्या कलात राहणार त्याच कलात ती स्टँडवर बसवायची. पिकअपची मागची बाजू बहुधा थोडी उंच असते. समजा तुम्हाला पुढे एक अंश उतार हवा, तर आत्ताच तो द्या. कारण क्रॉस मेंबर जमिनीशी समपातळीत बसवायचा असतो, चासीशी नव्हे. आत्ता चासी सपाट ठेवून वेल्डिंग केलं आणि नंतर तोंड एक अंश खाली गेलं, तर तुमचा कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे कललेला कोन) तेवढाच एक अंश कमी झाला.

डावी-उजवी पातळी बघायला लेझर असेल तर उत्तम. आमच्याकडे नव्हता. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या गवंड्याची पाण्याची पारदर्शक नळी मागून आणली. नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका, नाहीतर दिवसभर खोटं मोजत बसाल. दोन्ही रेलच्या पुढच्या आणि मागच्या ठरावीक भोकांशी पाण्याची पातळी जुळवली. डावी बाजू तीन मिलिमीटर खाली होती, स्टँडखाली पत्रा सरकवून वर घेतली.

मग ओळंबा. चासीवर दोन्ही बाजूंना एकसारखी असलेली कारखान्याची भोकं निवडा, मागच्या पाट्याच्या हँगरची, केबिनच्या माउंटिंगची. प्रत्येकातून ओळंबा सोडा आणि फरशीवर खडूने नाही, टोकदार खिळ्याने खूण करा. खडूची रेघ स्वतःच अर्धा सूत जाड असते. डाव्या-उजव्या खुणांचे मध्य काढून पुढून मागेपर्यंत सूत ताणा, ही गाडीची मधली रेषा. सूत आम्ही टॉवेलच्या कारखान्यातून आणलेलं दुहेरी पिळाचं घेतलं. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ते छान ताणलेलं राहतं, पावसाळ्यात मासे पकडायची नायलॉनची दोरी बरी. शेवटी तिरपी मापं घ्या, डाव्या पुढच्यापासून उजव्या मागच्यापर्यंत आणि उलट. दोन्हीत एका सुतापेक्षा, म्हणजे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर चासी तिरकी झालेली आहे. ती आधी सरळ करून घ्या. वाकड्या चासीवर सरळ सस्पेन्शन बसत नाही.

अ‍ॅक्सलची रेषा राहिली. जुना अ‍ॅक्सल काढायच्या आधी, गाडी चाकांवर उभी असताना, चाकाच्या मध्यातून ओळंबा धरून चासीच्या दोन्ही रेलवर खूण करा आणि ती पंचने ठोका. पाट्याचा सेंटर बोल्टही साक्षीला असतो. डाव्या-उजव्या खुणा मागच्या अ‍ॅक्सलपासून समान अंतरावर हव्यात. कागदोपत्री या गाडीचा व्हीलबेस ११६ इंच. आमचा डावीकडे बरोबर भरला, उजवीकडे पाऊण इंच कमी. उजव्या पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल मागे सरकलेला होता, आणि गाडी वर्षानुवर्षं तशीच पळत होती.

कापाकापी आणि चासीला पेटी

जुने हँगर रिव्हेट मारून बसवलेले असतात. गॅस कटरने कापू नका, चासी तापून वाकते आणि कडा खराब होतात. रिव्हेटचं डोकं ग्राइंडरने उतरवा, मध्ये पंच मारा, ड्रिल करा, मग ड्रिफ्टने ठोकून काढा. एका रिव्हेटला दहा मिनिटं. कंटाळवाणं आहे, करा. जुना अ‍ॅक्सल आणि पाटे भंगारात देऊ नका, ग्रीस लावून गोणीत गुंडाळून माळ्यावर टाका.

या गाड्यांची रेल इंग्रजी सी अक्षरासारखी, एका बाजूने उघडी. पाट्यांच्या रचनेत वजन रेलवर पुढे-मागे दोन ठिकाणी विभागलं जायचं. आता सगळा मार एका क्रॉस मेंबरच्या जागी येणार, आणि उघडी रेल पिळली जाते. म्हणून त्या भागात आतून पत्र्याची पट्टी लावून रेलची पेटी करायची. क्रॉस मेंबरच्या पुढे-मागे निदान फूटभर. पत्रा रेलच्या जाडीचा, तीन ते चार मिलिमीटर. पट्टी आधी पुठ्ठ्यावर कापून बघा.

वेल्डिंग, आणि पंख्याची गोष्ट

क्रॉस मेंबर खुणेवर धरा, समपातळीत आणा, मधल्या रेषेशी जुळवा. चार ठिकाणी टॅक, म्हणजे वेल्डिंगचे तात्पुरते ठिपके, मारा. पुन्हा मोजा. टॅक तोडून पुन्हा लावायची लाज बाळगू नका, आम्ही तीनदा तोडला. वेल्डर वैतागला, त्याला भेळ खाऊ घातली.

पूर्ण वेल्डिंग एका दमात कधीच नाही. दीड-दोन इंचाचा एक तुकडा डावीकडे, मग उजवीकडे, मग डावीकडे खाली, असं फिरत राहायचं आणि मध्ये गार होऊ द्यायचं. सलग ओढत गेलात तर उष्णतेने रेल आत खेचली जाते. पाणी ओतून गार करू नका, जोड ठिसूळ होतो. रॉडने करणार असाल तर ७०१८ चा रॉड आणि तो कोरडा हवा. उघड्या पाकिटातला, ओल लागलेला रॉड चासीला वापरू नका. बॅटरीची वायर आणि अल्टरनेटर आधी सोडवा. वेल्डिंगची बीड दिसायला देखणी करायला घासून सपाट करू नका, तिची जाडी हीच तिची ताकद.

आता पंखा. मे महिना, शेडवर पत्रा, पारा बेचाळीसच्या वर. वेल्डर मिगने काम करत होता आणि मी माणुसकी म्हणून टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. अर्ध्या तासाने बीडवरून ब्रश फिरवला तर ती दिसली अनारशासारखी, जाळीदार. मिगमध्ये वितळलेल्या धातूवर गॅसचं पांघरूण असतं, वारा लागला की ते उडून जातं आणि जोडात हवेची भोकं राहतात. वरून बारीक दिसतात, आतून जोड पोकळ. सगळं ग्राइंडरने खोदून काढलं आणि पुन्हा केलं. तेव्हापासून वेल्डिंग पहाटे सहा ते नऊ, पंखा बंद, कूलर बंद.

हे तुमचं पहिलंच वेल्डिंग असेल तर चासीवर शिकू नका. टॅकपर्यंत स्वतः करा, पूर्ण जोड जाणत्या हाताकडून घाला. चाक निखळलं तर ते फक्त तुमचं नुकसान नसतं.

आर्म आणि नकल

सुरुवातीला स्प्रिंग टाकूच नका. स्प्रिंगच्या जागी लोखंडी पट्टी किंवा नळीचा तुकडा कापून लावा, असा की खालचा आर्म जमिनीशी समांतर राहील. गाडी उभी असतानाची हीच उंची. पुढची सगळी मापं या उंचीला घ्यायची.

आर्मच्या आतल्या टोकांना रबरी बुश असतील तर त्यांचे बोल्ट आत्ता फक्त हाताने लावा. रबरी बुश फिरत नाही, पिळतो. आर्म लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी जमिनीवर आल्यावर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. गाडी चाकांवर, पूर्ण वजनात आली की मग आवळायचं. नवशिके इथे हमखास चुकतात, आणि जुने मेकॅनिकही.

बॉल जॉइंटच्या नटाला स्प्लिट पिन असते. सांगितलेल्या टॉर्कला आवळल्यावर भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा पुढे आवळा, मागे सोडू नका. पिन नेहमी नवी.

कॉइल स्प्रिंग घालताना-काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लागतोच. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाचा जबडा तोडण्याइतका जोर असतो. जॅकने दाबून "बसतंय की" म्हणणारा भेटला तर त्याला चहा आणायला पाठवा.

रॅक

किस्सा सांगतो. किटबरोबरचा रॅक डाव्या बाजूचा निघाला. बदलून यायला दोन महिने, म्हणून एका भंगारवाल्याकडून उजव्या बाजूच्या कुठल्याशा गाडीचा रॅक आणला आणि तात्पुरता बांधला. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं, चाकं डावीकडे गेली. वेल्डर कोपऱ्यातून बघत होता, म्हणाला, "काय करलालास बे?"

कारण सोपं आहे. नकलचे हात अ‍ॅक्सलच्या पुढे असतील तर उजवीकडे वळायला रॅकने उजवीकडे सरकायला हवं. हात मागे असतील तर डावीकडे. मागे बसायला बनवलेला रॅक आम्ही पुढे बसवला होता. म्हणून रॅक विकत घेण्याआधी टेबलावर ठेवा, तो गाडीत जसा बसणार तसा धरून पिनियन (स्टिअरिंगची शाफ्ट जिथे जोडतात तो दांडा) घड्याळाच्या दिशेने फिरवा आणि रॉड कुठे जातो बघा. दोन मिनिटांचं काम.

दिशा बरोबर आली तरी एक रोग राहतो, बंप स्टिअर. चाक वर-खाली होताना आर्म कमानीत फिरतो, टायरॉडही कमानीत फिरतो. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत तर प्रत्येक खड्ड्यात चाक आपोआप वळतं. म्हणजे ज्या रोगासाठी जुना अ‍ॅक्सल काढला तोच परत. तो टाळायला दोन गोष्टी जुळाव्या लागतात. टायरॉडचं आतलं टोक वरच्या आणि खालच्या आर्मची आतली टोकं जोडणाऱ्या रेषेवर हवं. आणि दोन्ही आर्मच्या रेषा पुढे वाढवल्या की जिथे मिळतात, टायरॉडची रेषाही तिथेच जायला हवी. म्हणूनच क्रॉस मेंबर रुंद करून जुनाच रॅक लावणं आणि टायरॉड लांब करणं चुकीचं. आतली टोकं जागेवर येत नाहीत.

मोजायचं असं. हबवर एक सरळ लाकडी फळी बांधा. फळीच्या पुढच्या आणि मागच्या टोकाशी फरशीवर दोन उभे स्टँड, त्यांच्यावर पट्टी. स्टिअरिंग सरळ बांधून ठेवा. स्प्रिंगची पट्टी काढून जॅकने हब एक-एक सेंटिमीटर वर घ्या, मग तसाच खाली, पाच सेंटिमीटरपर्यंत, आणि प्रत्येक ठिकाणी पुढचं-मागचं अंतर लिहा. दोन्हीतला फरक बदलत नसेल तर रॅक जागेवर आहे. थोडा बदल चालतो. आम्ही मिलिमीटरभरावर थांबलो. चाक वर-खाली दोन्हीकडे जाताना एकाच दिशेला वळत असेल तर टायरॉडची लांबी चुकली. वर जाताना एका आणि खाली जाताना दुसऱ्या दिशेला वळत असेल तर रॅकची उंची. शिमचा पत्रा कमी-जास्त करून उंची जुळते. आमच्या रॅकखाली शेवटी दोन मिलिमीटरचा शिम राहिला.

स्टिअरिंग कॉलमपासून रॅकपर्यंतची शाफ्ट सरळ क्वचित जाते, युनिव्हर्सल जॉइंट लागतात. एका जॉइंटचा कोन तीस अंशांच्या आत ठेवा. तीन जॉइंट लागले तर मध्ये शाफ्टला बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो, नाहीतर ती दोरीउडीच्या दोरीसारखी फिरते. इंजिनाचा सम्प आणि एक्झॉस्ट शाफ्टला लागत नाही ना, इंजिन माउंटिंगवर हललं तरी लागणार नाही ना, हे बघा.

ब्रेक

डिस्कला ड्रमपेक्षा जास्त तेल आणि जास्त दाब लागतो, म्हणून जुना एकेरी मास्टर सिलिंडर बदलून दुहेरी घ्या. या गाड्यांत मास्टर सिलिंडर केबिनच्या फरशीखाली असतो. तो कॅलिपरपेक्षा खाली असेल तर तेल उलट वाहून येतं आणि पेडल पहिल्या दाबाला खोल जातं. डिस्कच्या लाइनला दोन पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारा) लावला की हा त्रास जातो. मागे ड्रम असतील तर त्यांना दहा पीएसआयचा. लवचीक होज पूर्ण वळणाला आणि आर्म पूर्ण खाली असताना ताणली जात नाही ना, टायरला घासत नाही ना, हे स्वतः वाकून बघा.

अलाइनमेंट आणि पहिली फेरी

आता स्प्रिंग घाला, गाडी चाकांवर आणा, बोनेटपासून बंपरपर्यंत सगळं वजन जागेवर, आणि दोन-तीनदा दाबून सोडा. खालचा आर्म समांतर आहे का बघा. मग ते बुशचे बोल्ट आवळा.

कॅस्टर म्हणजे सायकलच्या फोर्कसारखा मागे कललेला कोन, त्यामुळे स्टिअरिंग सोडल्यावर सरळ येतं. पॉवर रॅक असेल तर तीन ते पाच अंश, साधा असेल तर एक-दोन अंशांवर थांबा, नाहीतर बाग पार करताना हात भरून येतील. कॅम्बर (चाकाचा वरचा भाग किती आत-बाहेर कलतो) शून्य किंवा अर्धा अंश आत. टो-इन (चाकांची पुढची तोंडं किती आत वळलेली) अर्धा ते एक सूत, दोन्ही चाकांचं मिळून. हे शेडमध्ये सुताने जमतं: गाडीच्या दोन्ही बाजूंना, मधल्या रेषेपासून समान अंतरावर, चाकांच्या मध्याच्या उंचीला सूत ताणा आणि रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून सुतापर्यंत मोजा. नंतर मशिनवरही करून घ्या, पण मशिनवाल्याला कुठले आकडे हवेत ते आधी लिहून द्या. त्याच्या संगणकात ही गाडी सापडणार नाही.

पहिली फेरी बागेतल्या कच्च्या रस्त्यावर, पहिल्या गिअरमध्ये. पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, मागे, ब्रेक. उतरून प्रत्येक नटाला हात लावा. साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि वेल्डिंगच्या कडा भिंग लावून बघा. रंगात केसासारखी रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवा.

आमच्या पहिल्या फेरीनंतर संध्याकाळी पुन्हा सूत लावलं. सकाळी अर्धा सूत ठेवलेलं टो-इन एक सुताच्या वर गेलं होतं. डाव्या टायरॉडचा लॉकनट मी हाताने लावून ठेवला होता, "नंतर आवळू" म्हणून. आवळला, आणि त्याच्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका दिला.